तिसरा हिस्सा

माझं वजन ९२ किलो आहे. ते माझ्या डॉक्टरांना आवडत नाही, बायकोला आवडत नाही, आणि लिफ्ट बंद असली की मलाही आवडत नाही. ते मनापासून आवडणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आमच्या समोरच्या दारातले अप्पा. आम्ही दादरला राहायला आलो त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये गाठ पडली. नव्या शेजाऱ्याला लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. अप्पांनी मला खालून वर पाहिलं, मग लिफ्टमध्ये जेवढं मागे सरकता येतं तेवढं सरकून बाजूने पाहिलं आणि विचारलं, "किती भरता?"

मी आकडा सांगितला. अप्पांचा चेहरा असा उजळला की आमची पत्रिकाच जुळली असावी.

"रविवारी काय करता?"

रविवारी मी झोपतो, हे उत्तर द्यायला मला किंचित उशीर झाला. त्या उशिराला आता सहा वर्षं होतील.

अप्पांची बोट आहे. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र विजार, काळा चष्मा आणि बर्फाचा ग्लास उभा राहतो. तसं काही नाही. अप्पा म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, दोन शर्ट आलटून पालटून घालणारे, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे गृहस्थ. शाळेत सी कॅडेटमध्ये असताना कोणीतरी त्यांच्या हातात सुकाणू दिलं, ते अजून सुटलेलं नाही. बरं, बोट तरी सगळी त्यांची कुठे? तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से एका डॉक्टरांचे आणि एका बावाजींचे. ज्यांचं कोकणात सामायिक घर आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. डोलकाठी बदलली तेव्हा पैसे डॉक्टरांनी घातले, म्हणून डोलकाठी डॉक्टरांची. शिडं बावाजींची. उरला तळ, तो अप्पांचा. ही वाटणी कागदावर कुठेही नाही, पण कोणी डोलकाठीला टेकून उभं राहिलं की डॉक्टरांचा जीव खालीवर होतो.

तिसऱ्या हिश्श्याचा एक फायदा मात्र अप्पांनी फार लवकर ओळखला. घरी ते बोटीचा कुठलाही खर्च तृतीयांशात सांगतात. "या वेळी फक्त चौदा हजार." वहिनी गॅस बारीक करून शांतपणे म्हणतात, "म्हणजे बेचाळीस." तीनचा पाढा त्या घरात रोज म्हटला जातो.

बोट घेतली त्याची गोष्ट अप्पा दर पावसाळ्यात नव्याने सांगतात. तिघांनी वर्गणी काढायचं ठरल्यावर दोन वर्षं नुसतं पाहणं चाललं होतं. डॉक्टरांना मुंबईतली जुनी लाकडी सीबर्ड हवी होती, तिच्या देखणेपणावर ते भाळले होते. बावाजींना मोठी, आत झोपता येईल अशी हवी होती. अप्पांचा जीव जे/२४ वर. लांबी २४ फूट, वजन साधारण १४०० किलो, आणि जगभर सगळ्या सारख्याच. "म्हणजे हरलो तर बोटीला दोष देता येत नाही," असं अप्पा अभिमानाने म्हणतात. हा अभिमान त्यांना फार महागात पडलेला आहे.

शेवटी वापरलेली एक मिळाली. अप्पा ती बघायला स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. पात्याने काही करायचं नव्हतं, मुठीने ठोकायचं होतं. या बोटीच्या अंगात वरखाली फायबर आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. कुठे एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते लाकूड आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. अप्पा राजापूरकडचे. त्यांनी टप्प्याटप्प्याने अख्खी बोट कानाने तपासली. "फणस पिकला की बद्द वाजतो, बरोबर? बोट कच्च्या फणसासारखी वाजली पाहिजे." डेकवर तीन ठिकाणी फणस पिकला होता. मालकाने किंमत कमी केली आणि अप्पांनी घेतली, कारण तोवर ते त्या आवाजाच्याच प्रेमात पडले होते.

या बोटीचा जन्म अप्पा कीर्तनकाराच्या थाटात सांगतात. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या स्टोनिंग्टनला रॉड जॉनस्टोन नावाचा माणूस राहायचा. त्याने १९७० च्या दशकात घरच्या गॅरेजमध्ये २४ फुटी बोट बांधली, तिचं नाव 'रॅगटाइम', आणि बायकामुलांना घेऊन शर्यती जिंकायला सुरुवात केली. तीच ही. पुढे तशा पाच हजारांहून जास्त निघाल्या. "आणि गंमत बघा, सगळं घर राबलं हो त्याच्याबरोबर! बायको, मुलं..." इथे अप्पा जरा थांबून स्वयंपाकघराच्या दिशेने बघतात. आतून आवाज येतो, "त्याला गॅरेज होतं."

अप्पांना गॅरेज नाही, पण त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यात गॅलरीत गुंडाळलेलं शीड, पलंगाखाली सुकाणूची जुनी पात, आणि दाराच्या मागे इतक्या दोऱ्या की वाळत घालायचे कपडे त्या घरात ताशी दहा मैलांच्या वाऱ्यालाही हलत नाहीत. एकदा वहिनींनी मला चहाबरोबर पोहे दिले आणि वर खोबरं भुरभुरायला म्हणून मिसळणाचा स्टीलचा डबा ओढला. झाकण काढलं. सात वाट्या. पहिलीत पितळी पिना, दुसरीत शॅकल, तिसरीत त्याहून लहान शॅकल, चौथीत कसलेसे रबराचे वायसर, पाचवीत चाव्या लावायच्या कड्या, सहावीत ग्रीस. मधल्या वाटीत हळद. "एवढी एक माझी," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सातवा हिस्सा मिळालेला माणूस जसा बोलेल तशा त्या बोलल्या.

बोट पाण्यात नसली तरी वारा असतोच, आणि अप्पांना वारा दिसतो. आपल्याला समोरच्या गॅलरीत वाळणारी लुंगी दिसते, अप्पांना नैर्ऋत्य, सहा नॉट दिसतात. उदबत्ती लावतात आणि देवापेक्षा धुराकडे बघतात. एका परिचितांच्या अंत्यविधीला आम्ही शिवाजी पार्कच्या स्मशानात उभे होतो. सगळे माना खाली घालून. अप्पा माझ्या कानाशी आले. मला वाटलं, गहिवरले असतील. पुटपुटले, "वारा पश्चिमेला सरकला बघा. आत्ता बाहेर असतो तर टॅक मारून बोट वळवली असती." मग स्वतःच ओशाळले आणि दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. धूर दिसू नये म्हणून मिटले असावेत.

मे संपत आला, की नैर्ऋत्येचा पाऊस यायच्या आत गेटवेसमोर नांगरलेल्या छोट्या शिडाच्या बोटी पाण्यातून उचलून जमिनीवर घ्याव्या लागतात. अप्पा याला माहेरपण म्हणतात. "पहिलं बाळंतपण माझ्या आईने केलं," वहिनी म्हणतात, "हिचं दरवर्षी मी करते." कारण त्या चार महिन्यांत अप्पा तळ घासतात. आधी चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग सहाशे, पाणी मारत मारत. संध्याकाळी घरी येतात ते निळे. बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो विषारी रंग लावतात त्याची पूड भुवयांत, कानांत, नखांत. वहिनी त्यांना दारातच उभं करतात आणि जुना टॉवेल फेकतात. घासून झालं की अप्पा डोळे मिटून तळावर उलटा हात फिरवतात. मला म्हणाले, "तू फिरव." मी फिरवला. गुळगुळीत होता, आणखी काय सांगणार? अप्पा खिन्न झाले. "तुला इथला उंचवटा लागला नाही?" आणि पुन्हा चारशे नंबर.

अनंत चतुर्दशीला गणपती जातात, त्यानंतर आठवडाभरात अप्पांची बोट जाते. दोन्ही वेळी अप्पांचे डोळे भरून येतात. कशाने जास्त, ते मी विचारत नाही.

छोट्या डिंगी बोटीत आणि हिच्यात फरक काय, असं एकदा विचारून बसलो होतो. डिंगी उलटते, तिच्यातली माणसं पाण्यात पडतात, पुन्हा तिला सरळ करून चढतात. तो तरुणांचा खेळ. हिच्या पोटाखाली मात्र शिशाचं पातं असतं, चारशे किलोंच्या वर. तंजावरची बाहुली कितीही ढकला, डोलते आणि उभी राहते, तसं. इंग्रजीत त्याला कील म्हणतात, अप्पा 'पठाण' म्हणतात. आपल्याकडे बोट बांधणारे सुतार बोटीच्या कण्याला पठाणच म्हणतात, तो आधी ठेवायचा आणि मग त्यावर बाकीची बोट उभी करायची. पठाण असल्यामुळे ही बोट उलटत नाही. पठाण असल्यामुळेच तिला चार फूट पाणीही लागतं. ही दुसरी गोष्ट अप्पा सांगताना नेहमी जरा हळू सांगतात.

आता माझ्या वजनाकडे. वारा शिडात भरला की बोट एका अंगावर कलते, मग वाऱ्याच्या बाजूच्या काठावर सगळ्यांनी पाय बाहेर सोडून ओळीने बसायचं, म्हणजे ती सरळ राहते आणि पळते. यासाठी अक्कल लागत नाही, किलो लागतात. या वर्गाच्या नियमाप्रमाणे सगळी माणसं मिळून ४०० किलोंच्या वर जाता येत नाही. आम्ही पाच. अप्पा ६६, डॉक्टर ७८, बावाजी ६२, पुढच्या टोकावर माकडासारखी चढणारी एक कॉलेजातली मुलगी ५२, आणि मी. बेरीज ३५०. जन्मभर विमा विकलेल्या माणसाला कोणी ८०-सी ची मर्यादा पुरती न वापरता मार्च घालवला की जी हळहळ वाटायची, ती अप्पांना या पन्नास किलोंबद्दल वाटते. "तुम्ही थोडे अजून..." असं म्हणून ते थांबतात. माझी बायको ऐकत असते.

घरी अप्पा मला "या, बसा, चहा घेणार ना?" म्हणतात. गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये पाय ठेवला की "बस." आणि शर्यतीचा पाच मिनिटांचा भोंगा वाजला की माझं नाव जातं. "ए ब्याण्णव, मागे हो!" मुलीचं नाव बावन्न. ती इंजिनिअरिंगला आहे, तिला मौज वाटते. पाच मिनिटांचा भोंगा, चार मिनिटांचा भोंगा, एक मिनिटाचा भोंगा, आणि मग सुटायचं. पण बोटी काही धावपटूंसारख्या रेषेवर वाकून उभ्या राहत नाहीत, त्या रेषेमागे लग्नातल्या पोरांसारख्या गोल गोल फिरत असतात, आणि नेमक्या शेवटच्या सेकंदाला पूर्ण वेगाने रेषा ओलांडायची असते. त्या पाच मिनिटांत अप्पा तिघांवर तीन भाषांत ओरडतात. बावाजींवर गुजरातीत, डॉक्टरांवर इंग्रजीत, माझ्यावर मराठीत. सगळ्यात वाईट शब्द मराठीत असतात, असा माझा अनुभव. बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, तो या बोटीत फार खाली असतो. बोट वळली की तो डोक्यावरून जातो, किंवा डोक्यातून. "बूम!" असं अप्पा नेहमी ओरडतात, पण दांडा गेल्यानंतर.

दिलीप दोंदे हे अप्पांचं दैवत. नौदलातला मराठी माणूस, गोव्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून आला, असं करणारा पहिला भारतीय. अप्पा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कापतो. माझ्या मनात मात्र दर वेळी एकच विचार येतो. एकटा, म्हणजे नऊ महिने ओरडायला समोर कोणी नाही. अप्पांना पालघर ओलांडवलं नसतं.

शर्यतीत अप्पा कधी पहिले आले नाहीत असं नाही. एकदा आले, पण त्या दिवशी तिघेच होते आणि एकाची डोलकाठी मोडली. बाकी वेळी ते प्रोटेस्ट करतात. कोणी नियम मोडून आडवं आलं तर लगेच "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं, आणि सहा मीटरहून लांब बोट असेल तर लाल झेंडाही दाखवायचा, अशी पद्धत. अप्पांच्या खिशात झेंडा सदैव असतो. एकदा नेमका घरी राहिला, तर त्यांनी डब्याचं लाल फडकं सोडून उंच धरलं. लसणाच्या चटणीचा वास समोरच्या बोटीपर्यंत गेला असावा. संध्याकाळी समितीपुढे अप्पा मिठाची भांडी आणि केचपच्या बाटल्या टेबलावर मांडून बोटी कुठे कशा होत्या ते दाखवतात. समिती त्यांचं शांतपणे ऐकून घेते, आणि अप्पा हरतात. मग खाली येऊन मला म्हणतात, "पण केचप माझ्या बाजूने होता की नाही?"

गेल्या कोजागरीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. रविवार, हंगामाची पहिली शर्यत. वारा ऑक्टोबरचा, म्हणजे आहे-नाही. अशा वाऱ्यात माझ्या वजनाची अडचण होते, म्हणून अप्पा मला आत केबिनमध्ये पाठवतात, तिथे पेट्रोल, ओले दोर आणि गेल्या वर्षीची बिस्किटं यांचा मिळून एक वास असतो. तीनच्या सुमाराला आम्ही उरणच्या बाजूने परतत होतो. ओहोटी जोरात लागलेली, पाणी समोरून बाहेर चाललेलं. अप्पांना शास्त्र पाठ. खोल पाण्यात ओढ जास्त, काठाच्या उथळात कमी, तेव्हा उथळातून चोरपावलांनी जायचं. बाकीच्या बोटी मध्यात धडपडत होत्या आणि आम्ही एकेक करून त्यांना मागे टाकत होतो. अप्पा हसत होते. सहा वर्षांत मी त्यांना सुकाणूवर हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बोट, कोणीतरी उशीत डोकं खुपसावं तशी, मऊपणे थांबली.

"पठाण रुतला," डॉक्टर म्हणाले.

"ब्याण्णव, बाहेर ये! काठावर!" मी काठावर लटकलो. बोट कलंडवली की पातं वर उचलतं. सगळे लटकलो. बोट कलली, हलली नाही. पाणी मात्र हलत होतं, आमच्यापासून लांब. मच्छीमारीची एक होडी जवळून गेली. तांडेलाने मशीन बारीक केलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिथी बगितली नाय काय?" कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरलेला समुद्र साडेपाचपर्यंत उतरणार, आणि पुनवेचं उधाण म्हणजे चांगला चार-चार मीटर उतरणार. पुन्हा एवढं पाणी यायला आठ वाजणार. अप्पांच्या फोनमध्ये हे सगळं रंगीत आलेखात होतं.

बोट हळूहळू एका कुशीवर निजली आणि आम्ही तिच्या वरच्या काठावर तारेवरच्या कावळ्यांसारखे बसून राहिलो. अप्पांनी थोडा वेळ मौन पाळलं, मग १६७९ वर गेले. खांदेरीला मायनाक भंडाऱ्याने इंग्रजांना कसं जेरीस आणलं, आपली गलबतं कशी हलकी, उथळ पाण्यातून कशी सुळकन निघायची, आणि इंग्रजांची मोठी जहाजं बघत राहायची. बावाजींनी सगळं ऐकून घेतलं. "अप्पा, पन तुज्या मायनाकला चार फूट कील नवती ने."

सातला वहिनींचा फोन आला. गच्चीवर सोसायटीची कोजागरी होती, दूध आटत ठेवलं होतं. "कुठे आहात?"

"किनाऱ्याला लागलोय," अप्पा म्हणाले. ते खरंच होतं.

"मग या लवकर. पाहुण्यांना चारोळ्या काढून ठेवल्यात."

फोन ठेवून अप्पा खाली बघत राहिले. चंद्र वर आला होता, चिखल चांदीसारखा दिसत होता, आणि पाणी आता परतू लागलं होतं, पण अजून लांब होतं. बोटीचा उघडा पडलेला डावा तळ चांदण्यात चमकत होता. महिनाभरापूर्वी सहाशे नंबरने घासलेला. त्यावर शेवाळाची साय आली होती आणि मधूनमधून तांदळाएवढे शिंपले. अप्पांनी चप्पल काढली, विजार वर दुमडली आणि कोणी काही म्हणायच्या आत गुडघाभर चिखलात उतरले. तळावर उलटा हात फिरवला. आता त्यांचा चेहरा मला दिसत होता. लिफ्टमध्ये पाहिला होता तोच.

"पाणबुड्याचे पैसे वाचले," ते म्हणाले. "ए ब्याण्णव, बसलायस काय? डब्याची झाकणं आण."

मी उतरलो. बावन्नही उतरली. चटणीच्या, भाताच्या आणि लोणच्याच्या डब्यांची झाकणं घेऊन आम्ही तिघांनी पाणी पोटरीला लागेपर्यंत शिंपले खरवडले. डॉक्टर आणि बावाजी वरून बॅटरी दाखवत होते, कारण तळ काही त्यांच्या हिश्श्याचा नव्हता.

"उजवी बाजू राहिली," मी म्हटलं.

अप्पा चंद्राकडे बघून मनाशी पाऊणपट करत होते. "पंधरा दिवसांनी अमावास्या. असंच उधाण. मुद्दाम दुसऱ्या अंगावर लावू."

आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते वहिनी सांगतील.